सतरा नंबरचा बिल्ला

कौशल्याबाईने सुनेच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, चुलीवरच्या फळीवर ठेवली आणि पिशवी परत तिच्या हातात दिली.

"जीनवर पानी नेत नसते," ती म्हणाली.

"काऊन, आत्याबाई?" अपेक्षाने विचारलं.

"दोन दिवस राह्य तिथं. मंग कोनाले इचारा नाई लागत."

अपेक्षा देऊळघाटची. वैशाखात लग्न होऊन खामगावला आली होती. शेतातलं काम तिला नवं नव्हतं, पण शेतात तुरीचा आडोसा असतो, बांध असतो, आणि तहान लागली तर विहीर असते. कापसाच्या जीनमध्ये, म्हणजे सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, यातलं काही नसतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सासूने तर एकोणीस वर्षांत असा बेत बसवला होता की उंटाने तिच्याकडे शिकवणी लावावी. सहाला अर्धा कप चहा, सोबत अर्धी भाकर, आणि मग संध्याकाळी घरी येईपर्यंत घशाखाली थेंब नाही. दुपारची भाकर ती कोरडीच चावायची. रात्री लघवीला जळजळ झाली की धण्याचं पाणी प्यायची आणि हे बाईच्या जातीचं दुखणं आहे असं म्हणून झोपायची.

ती पट्ट्यावरची मुकादम होती. मुकादम म्हणजे फार मोठं काही नाही. पण हंगाम संपला की बाकीच्या बाया घरी बसायच्या आणि कौशल्याबाईला सरकीच्या गोदामात काम मिळायचं. शिवाय जीनचा कारभार पाहणाऱ्या दिवाणजीने तिच्या पोराला, सागरला, जीनच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लावून घेतलं होतं. नवरा गेल्यावर हे घर उभं राहिलं ते त्या मुकादमीवर. हे ती विसरत नव्हती, आणि दिवाणजीही तिला विसरू देत नव्हता.

जीन नांदुऱ्याच्या रस्त्यावर होतं. पौष महिना, हंगाम ऐन भरात. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रांगेने उभ्या. आत लांबलचक रबरी पट्टा फिरायचा आणि दोन्ही बाजूंनी बेचाळीस बाया उभ्या राहून पुढून जाणाऱ्या कापसातली घाण वेचायच्या. पिवळी पडलेली बोंडं, पाला, गुटख्याची पुडी, पोत्याचा दोरा, बाईचा केस. सगळ्यात जपायचं ते लोखंडाला. एखादा खिळा नजरेतून सुटला आणि पुढे सरकी काढणाऱ्या रेच्याच्या दातात गेला की ठिणगी पडते, आणि कापसाला ठिणगी पुरते. म्हणून पट्टा रिकामा सोडायचा नाही, हा जीनचा पहिला नियम. बायांनी साडीवर घरच्या गड्याचा जुना शर्ट घातलेला, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. तासाभरात भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. म्हातारपणाची उचल घेतल्यासारख्या सगळ्या दिसायच्या.

या बेचाळीस जणींना संडास एक. त्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली बिल्ल्याला बांधलेली.

आता या बिल्ल्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कौशल्याबाईच्या जिवाला लागणारी आहे. तीन वर्षांपूर्वी किल्ली दिवाणजीच्या पाठीमागच्या खुंटीवर असायची. बाईने त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं. तो आधी घड्याळाकडे पाहायचा, मग बाईकडे, मग परत घड्याळाकडे. "पुन्हा?" असं विचारायचा. नव्या पोरी रडकुंडीला यायच्या. तेव्हा कौशल्याबाईच पुढे झाली. "दिवाणजी, किल्ली माह्याजवय द्या. बायाइचं बायाइत राहीन," म्हणाली. दिवाणजीची ब्याद टळली. पूर्वी कापसाच्या बैलगाड्यांना नंबराचे पत्र्याचे बिल्ले द्यायचे, त्यातला सतरा नंबरचा एक त्याने शोधून काढला, किल्लीला सुतळीने बांधला आणि तिच्या हातात ठेवला. वर तीन अटी घातल्या. एका वेळी एकच बाई. पाच मिनिटं. आणि गाडी खाली होत असताना कोणीच नाही.

त्या दिवशी बायांनी कौशल्याबाईच्या हातावर गूळ ठेवला होता. तिलाही किल्ला जिंकल्यासारखं वाटलं होतं. पुढे 'सतरा' हा बायांचा शब्दच झाला. "सतरा आला वं" म्हटलं की काय ते समजायचं. आणि गाड्या तर दिवसभर खाली होतच असायच्या. हळूहळू बाया कौशल्याबाईसमोर येऊन उभ्या राहायला लागल्या, आणि कौशल्याबाई घड्याळाकडे पाहायला लागली. "पुन्हा?" हा शब्द तिच्या तोंडात कधी आला ते तिचं तिलाही समजलं नाही.

फाटकाबाहेर अर्जुनराव सायकल घेऊन उभे असायचे. ते पूर्वी दुसऱ्या एका जीनमध्ये गाठी दाबायच्या प्रेसवर होते, तिथे दोन बोटं गेली. आता सायकलदुरुस्तीचं दुकान आणि युनियन एकाच खोलीत चालवायचे. अकरा वर्षं झाली, सुटीच्या वेळी पावतीपुस्तक हातात धरून ते मजुरी, बोनस, फंड असं सांगत राहायचे. "हो भाऊ, पाहू भाऊ," म्हणत बाया पुढे निघून जायच्या. मजुरी सगळ्या जीनांत तीच, मग भांडून काय होणार? कौशल्याबाईला तर ते बोलवायचेही नाहीत. "मुकादम मालकाच्या बाजूचा. त्याचं नाव युनियनमध्ये घ्यायचं नाही, असा आमचा नियम," असं त्यांनी एकदा तोंडावर सांगितलं होतं. खरं सांगायचं तर तिला तेव्हा बरंच वाटलं होतं.

मंगळवारी तीन गाड्या एकदम आत आल्या. पट्ट्यावर कौशल्याबाईच्या शेजारी सायरा उभी होती. दोघी एकाच वर्षी जीनवर लागलेल्या, एकोणीस वर्षं खांद्याला खांदा. कौशल्याच्या घरी मयत झाली तेव्हा तीन दिवस सायराच्या घरून डबा आला होता. सायराला सकाळपासून बरं वाटत नव्हतं. अंगात कसकस होती, म्हणून शेजारणीने दिलेली गोळी तिने दोन पेले पाण्यासोबत घेतली होती.

"कौसल्या, सतरा दे."

"सुचिता गेलती, आताच आली. गाडी खाली होऊन राह्यली, सायरा. दहा मिन्ट थांब."

दहा मिनिटांनी सायराने परत सांगितलं. या वेळी तोंडाने नाही, नुसतं कोपराने. कौशल्याबाईने मान वर केली. समोर दिवाणजी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"हे गाडी होऊ दे बाई. तो पाहून राह्यला."

दुसरी गाडी झाली, तिसरी लागली. सायरा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. मग ते तिने थांबवलं. ती अगदी स्थिर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी कापूस वेचत राहिली. कौशल्याबाईला आधी वाटलं, तिची कळ थांबली. मग खाली नजर गेली. सायराच्या साडीतून पाणी ओघळत सिमेंटवर पसरत होतं आणि उडणारा कापूस त्या ओल्या साडीला जाऊन चिकटत होता. थोड्या वेळाने गुडघ्यापासून खाली ती पांढरी झाली. तरी तिचे हात थांबले नाहीत.

प्रेसवरची दोन माणसं पाहत होती, त्यांनी तोंडं फिरवली. फिरवली हे बरं केलं. दिवाणजी मात्र जवळ आला, जमिनीकडे पाहून म्हणाला, "थोडी माती टाका रे इथं. अन् पट्टा बंद करू नका."

अपेक्षा पलीकडच्या बाजूने आली. अंगावरचा सागरचा निळा शर्ट तिने काढला आणि सायराच्या कमरेला मागून बांधला. मग सासूसमोर हात पसरला. "आत्याबाई, बिल्ला."

कौशल्याबाईने कमरेचा बिल्ला काढून दिला. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी ती घरी न जाता सायराच्या दारात गेली. सायराने न्हाऊन दुसरी साडी नेसली होती. सागरचा शर्ट धुऊन दोरीवर वाळत होता. सायराने तिला बस म्हटलं नाही. पण दारी आलेल्या माणसाला पाणी न देणं तिला जमलं नाही. तिने तांब्या भरून आणला आणि कौशल्यासमोर ठेवला.

"त्यानं गाडी लावलती, सायरा. मी काय करू?"

"दिवाणजीचं मले सांगू नको," सायरा म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "तो मानूसच तसा हाये. त्याच्यावर राग कायचा? बिल्ला तुह्या कमरेले होता. माह्यापासून हातभर. तुले निस्तं हात घालून द्याचा होता."

"माही मुकादमी..."

"ठेव ना मंग. तुही मुकादमी, तुही किल्ली. एकोनीस वर्सं झाली, मले वाटलं आपुन बहिनी हाओत. तुमच्यातच म्हनतात ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ?" थोडं थांबून तिने तांब्या पुढे सरकवला. "पे. इथं गाडी खाली होऊन नाई राह्यली."

कौशल्याबाईने तांब्या उचलला आणि तो पूर्ण रिकामा केला. पाणी छातीतून खाली जाताना दुखत होतं. ती रडली, आणि सायराने तिला रडू दिलं. समजूत घातली नाही.

घरी सागर शर्ट शोधत होता. "माहा निया शर्ट कुठी गेला?"

अपेक्षाने भाकरी थापता थापता सांगितलं. सगळं सांगितलं, सासूचा वाटाही वगळला नाही. नवी सून सासूबद्दल असं बोलते म्हटल्यावर एरवी घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. कौशल्याबाई खाली मान घालून जेवत होती. "बराबर बोलून राह्यली ते," एवढंच म्हणाली.

"माय, तू काई करू नको," सागर घाबरून म्हणाला. "टेम्पो जाईन माहा. तुही मुकादमी जाईन. आपली चूल कायच्यावर पेटते, मालूम हाये ना?"

"मालूम हाये. म्हनून तं एकोनीस वर्सं पानी नाई पेलो मी."

रविवारी सुटी होती. अर्जुनरावांच्या दुकानात सात-आठ बाया येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना वाटलं, कोणाच्या तरी पोराची सायकल पंक्चर झाली असेल. बाया युनियनसाठी आल्यात हे कळलं तेव्हा त्यांनी घाईने पावतीपुस्तक काढलं, चष्मा लावला आणि मजुरीच्या आकड्यांचा कागद शोधायला लागले.

"ते राहू द्या भाऊ," सायरा म्हणाली. "आमची मागनी संडासची हाये. अन् पान्याची."

अर्जुनराव गडबडले. "हो, ते आहेच. ते घेऊ आपण शेवटी. पण पहिली मागणी मजुरीचीच पाहिजे. फलकावर काय लिहायचं? संडास?"

"लिवा!" सायरा म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिवा. साऱ्या बायाइसमोर, गड्याइसमोर माही साडी भिजली, मले आता कायची लाज? तुमाले काऊन येऊन राह्यली?"

बाया हसल्या. अर्जुनरावही हसले, पण मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "अकरा वर्षं मी फाटकावर उभा आहे," ते म्हणाले. "तुम्ही पाणी पीत नाही, हे मी कधी विचारलंच नाही." माणूस चांगला होता. आपली चूक चारचौघांत कबूल करणारा पुढारी आमच्या भागात सहसा सापडत नाही.

दारात उभी राहिलेली कौशल्याबाई मग पुढे आली. "माहं नाव घेता का?"

"मुकादम आहे तोवर नाही घेता येत, बाई."

"मंग माहं नाव ऱ्हाऊ द्या. पन मी सांगतो ते करा." आणि तिने सांगितलं. ऐकताना पहिल्यांदा सायराने तिच्याकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी अपेक्षाने फळीवरची बाटली उचलून पिशवीत टाकली. सासूने काढली नाही. दोघींनी बाहेर येऊन पाहिलं तर सागर टेम्पोत पाण्याच्या दोन मोठ्या कॅन चढवत होता. बेत त्याने घरात ऐकला होता, पण कॅन चढव असं कोणी त्याला सांगितलं नव्हतं. अंगात तो धुतलेला शर्ट होता.

आठ वाजता पट्टा सुरू झाला. कौशल्याबाईने दोन्ही कॅन पट्ट्याच्या तोंडाशी ठेवल्या आणि अपेक्षाने तांब्या फिरवायला सुरुवात केली. एकेकीला भरून तांब्या. म्हाताऱ्या अन्नपूर्णाबाईने आधी घोट घेतला, मग इकडेतिकडे पाहिलं, मग घटाघटा प्याली आणि तोंड पुसून म्हणाली, "बाप्पा, जीनमधलं पानी गोड लागते वं!" हे पाणी घरचं होतं, पण कोणी तिला टोकलं नाही. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. कापूस वेचता वेचता बाया पाणी पीत होत्या आणि पोरीबाळींसारख्या खुदखुदत होत्या.

साडेनऊला पहिली गाडी खाली होऊन निघाली, तशी सायराने हातातला कापूस खाली ठेवला. "सतरा आला," ती मोठ्याने म्हणाली.

कौशल्याबाईने बिल्ला काढून तिच्या हातात दिला. सायरा निघाली. तिच्या मागे सुचिता जाऊन उभी राहिली, तिच्या मागे अपेक्षा, मग अन्नपूर्णाबाई. बघता बघता पट्ट्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या झाल्या आणि संडासापासून कापसाच्या ढिगापर्यंत रांग लागली.

पट्टा रिकाम्या जागेतून फिरत राहिला. पाला, दोरे, पुड्या, काय काय असेल ते रेच्यांकडे चाललं. दिवाणजी ओरडत आला, "पट्टा सोडला? अरे खिळा जाईल, आग लागेल!" आणि त्यानेच धावत जाऊन बटण दाबलं. पट्टा थांबला. मागोमाग रेचे थांबले. हंगामात दिवसाढवळ्या ते जीन असं गप्प कधी झालं नव्हतं. त्या शांततेत उडालेला कापूस हळूहळू खाली बसायला लागला.

पाऊण तासाने जीनचे मालक, शेठ, आले. त्यांना फाटकातून पायी यावं लागलं, कारण फाटकात सागरचा टेम्पो बॉनेट उघडून उभा होता आणि सागर आत डोकं घालून काहीतरी पाहत होता. टेम्पोत काहीच बिघाड नव्हता.

"काय चाललंय हे?" शेठनी विचारलं.

"रांग हाये शेठ," कौशल्याबाई म्हणाली.

"कशाची रांग?"

"बिल्ल्याची. एका वक्ती एकच बाई, पाच मिन्टं. नियम जीनचाच हाये. आमी नियमानंच उभ्या हाओत."

"बेचाळीस जणी एकदम?"

"पानी पेल्या."

"कोणी पाजलं?"

"मी," कौशल्याबाई म्हणाली.

शेठ बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहून आले. हिशोबी माणूस, त्यांनी वेळ घालवला नाही. "ते कुलूप काढून फेका," ते दिवाणजीला म्हणाले. "ज्याला जेव्हा जायचं तेव्हा जा. झालं? चला, पट्टा सुरू करा."

रांग हलली. दोनचार जणी पट्ट्याकडे वळल्यासुद्धा. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

"थांबा वं," सायरा म्हणाली. ती रांगेतून पुढे येऊन शेठसमोर उभी राहिली. "शेठ, कुलूप तुमीच लावलं, तुमीच काढलं. गाड्या निघून गेल्या का परत लावसान. परत त्या मंगळवारसारखं झालं तं मी कोनाले सांगू? तुमच्या मर्जीनं मुताले जानं आता आमाले नाई जमत. कागदावर पायजे. अन् कागदावर भांडाले आमची युनियन पायजे."

वळलेल्या बाया परत रांगेत आल्या.

शेठ सायरावर चिडले नाहीत. ते कौशल्याबाईकडे वळले, आपलं माणूस फिरलं याचा राग मोठा असतो. "तुला मी मुकादम केलं, तुझ्या पोराला गाडी दिली, आणि तू माझ्या पट्ट्यावर बसून यांना पाणी पाजतेस? दे तो बिल्ला. या क्षणापासून तू मुकादम नाहीस. पट्ट्यावर उभी राहा सगळ्यांसारखी, नाहीतर घरी बस."

रांगेतून हातोहात बिल्ला कौशल्याबाईपर्यंत आला. तीन वर्षांत तिच्या कमरेला त्याचा चट्टा पडला होता. तिने सुतळीसकट तो शेठच्या हातावर ठेवला.

"सगळ्यायच्या समोर सांगतलं ना शेठ? मुकादम नाई म्हनून?"

"सांगितलं!"

"बरं झालं."

ती फाटकाकडे चालायला लागली. मागून सगळी रांग, रांग न मोडता. टेम्पोच्या पलीकडे अर्जुनराव सायकलच्या सीटवर पावतीपुस्तक उघडून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "शेठनं सुंठेवाचून खोकला घालवला की," ते म्हणाले आणि हसत पेन पुढे केलं. "या कौशल्याबाई, पहिलं नाव तुमचं."

"पयलं सायराचं," कौशल्याबाई म्हणाली.

सायराने सही केली. अक्षर वाकडं आलं, पण पूर्ण नाव लिहिलं. कौशल्याबाई बाजूने चालत रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिली. पुढच्या बाया तिला वाट करून देत होत्या. अपेक्षाने हात धरून ओढलं, "आत्याबाई, मंधात या ना, उन्हात काऊन उभ्या?" तिने मान हलवली. तीन वर्षं तिने या बायांना थांबवलं होतं. आज तिची पाळी होती.

एक्केचाळीस नावं झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आत शेठ आणि दिवाणजी कागद पुढ्यात घेऊन बसले होते, आणि काय लिहायचं ते विचारायला प्रेसवरच्या एका माणसाला फाटकावर पाठवत होते. अर्जुनरावांनी शेवटची पावती फाडायला घेतली.

"कौशल्याबाई, काम काय लिहू?"

"लिवा, पट्ट्यावरची बाई," ती म्हणाली. सही करायच्या आधी तिने अपेक्षाच्या पिशवीतली बाटली काढली आणि फाटकात, सगळ्यांच्या देखत, तोंड वर करून पाणी प्याली.